राहिलेली सावड



बरेच दिवस पेजवर नोंद टाकली नाही. कांदा लागवड चालू होती हे एक कारण, आणि दुसरं कारण तुमच्यातल्या काही जणांना माहीत आहे. 19 जानेवारी 2025 ला, रविवारी, मी मुंबईत 21 किलोमीटर पळून आलो. फोटो बघून बरेच फोन आले. कोणी शाबासकी दिली, कोणी म्हणलं, "या वयात हे काय खूळ काढलं?" एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितो. शेतीची नोंद शेवटी आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी तिथून वाचावं.

आधी सावड म्हणजे काय ते सांगतो, कारण नव्या पोरांना आणि कॉलेजातून आलेल्या कृषी अधिकाऱ्यांना हा शब्द ऐकून माहीत असतो, करून माहीत नसतो. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग दोन-चार घरं एकत्र येतात. आज सगळे माझ्या रानात, उद्या तुझ्या रानात. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, दिवसाला दिवस फेडायचा. वही नसते. पण प्रत्येकाला पक्कं ध्यानात असतं की कोणाचे किती दिवस आपल्याकडे निघतात.

माझी आणि तात्याची सावड 26 वर्षांची. भाऊबंद नाही, पाहुणा नाही, बांधाला बांध सुद्धा नाही. मधे दोन वावरं सोडून त्याचं रान. पण त्याची बाजरी मी कापली नाही किंवा माझा मूग त्यानं तोडला नाही असं एक वर्ष गेलं नाही. ठिबक जोडायला दोघं, फवारणीला दोघं, बाजार समितीत कांदा घेऊन जायचा तर एका पिकअपमधे दोघांच्या गोण्या. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अहो-जाहो करायचो नाही पण नावानं पण हाक मारायचो नाही. तात्याच म्हणायचो.

गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला माझा उन्हाळ कांदा काढणीला आला. पहिल्या दिवशी तात्या आणि वहिनी दोघं आले, दिवसभर काढणी झाली. दुसऱ्या दिवशी पात कापायला बसलो. साडेदहाच्या सुमाराला तात्या म्हणाला, "छातीत जळजळतंय." मी म्हणलं, "काल रात्री काय खाल्लं होतं? पित्त असेल." त्याला घाम फुटला होता. एप्रिलचं ऊन, घाम कोणाला येत नाही? डावा हात चोळत होता. दोन दिवस विळा चालवल्यावर हात दुखणारच असं मला वाटलं. मी पोराला गाडीवर पाठवून सोड्याची बाटली आणवली. तात्या सोडा पिऊन लिंबाखाली आडवा झाला. म्हणाला, "पडतो जरा, तुम्ही चालू द्या."

आम्ही चालू दिलं. हे वाक्य लिहायला मला नऊ महिने लागले.

तासाभरानं वहिनी पाणी द्यायला गेल्या आणि ओरडल्या. पिकअप आणली, मागं गोण्यांवर त्याला घेतला, मी डोकं मांडीवर घेऊन बसलो. 108 ला फोन करायचा कोणालाच सुचलं नाही. छाती दाबायची असते हे टीव्हीत बघितलं होतं, पण कुठं, किती, कसं ते माहीत नव्हतं. मी नुसता त्याच्या तळहाताला तळहात घासत होतो. राळेगणपासून वाडेगव्हाणचा फाटा, म्हणजे पुणे-नगर हायवे, साधारण पाच किलोमीटर आहे. फाटा यायच्या आतच तात्या गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला मांडीवरच कळलं होतं.

तात्याला कसलं व्यसन नव्हतं. आमच्या गावात दारू, विडी, तंबाखू विकत मिळत नाही हे तुम्हाला माहीत आहे. माळकरी माणूस, अंगानं काटक. पण वयाच्या 57 वर्षापर्यंत त्यानं एकदाही रक्तदाब मोजला नव्हता. बैलाचं पोट फुगलं तर आम्ही रात्री दोनला डॉक्टर आणतो.

तेराव्यानंतर वहिनींकडं गेलो. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. घरी येताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. तात्याचा पहिला दिवस पूर्ण आणि दुसरा अर्धा, असे दीड दिवस माझ्याकडं निघत होते. 26 वर्षांत कधी कोणाचा तास राहिला नाही. आता हे दीड दिवस फेडायचे कोणाला?

तुम्ही म्हणाल, वहिनींच्या रानात जाऊन दीड दिवस काम कर, फिटलं. ते तर मी केलंच असतं, करतोच आहे. पण मला माहीत होतं की माझ्याकडं दीड दिवसापेक्षा जास्त निघत होतं. तो लिंबाखालचा एक तास निघत होता.

पळण्याचं डोक्यात घातलं माझ्या भाच्यानं. तो पुण्यात नोकरीला आहे, पळतो. जूनमधे घरी आला तेव्हा मी त्याला म्हणलं की तात्याच्या नावानं काहीतरी करायचंय, पण मंदिराला पंखा देऊन वर नाव टाकायचं असलं नको. तो म्हणाला, "मामा, मुंबईच्या मॅरेथॉनमधे लोक चांगल्या कामासाठी पळतात. तुम्ही पळायचं, ओळखीच्या लोकांनी संस्थेला पैसे द्यायचे." मी हसलो. म्हणलं, मी पळणार आणि लोक पैसे देणार, म्हणजे मी काय माकड आहे का?

मग त्यानं समजून सांगितलं. ही मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली, दर वर्षी जानेवारीत असते. तिच्याबरोबर युनायटेड वे मुंबई नावाची संस्था देणग्यांचं काम बघते. तिच्याकडं नोंदलेल्या शेकडो लहान-मोठ्या संस्था आहेत. आपण एक संस्था निवडायची, तिच्यासाठी देणगी गोळा करायची, पैसा सरळ संस्थेच्या कामाला जातो, आपल्या हातात येत नाही. शेवटचं मला पटलं. गावात पैशाला हात लावला की सतरा तोंडं होतात.

त्यानं मोबाईलवर एका पोराची गोष्ट पण दाखवली. कॅनडातला टेरी फॉक्स. कॅन्सरमुळं एक पाय कापलेला. 1980 साली कृत्रिम पायावर रोज जवळपास एक पूर्ण मॅरेथॉन पळाला, 143 दिवस, 5,373 किलोमीटर. कॅन्सरच्या संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून. पुढच्या वर्षी तो गेला, वय 22. पण अजून दर वर्षी लोक त्याच्या नावानं पळतात.

मी म्हणलं, अरे ते लांबचं झालं. मग मलाच आपल्या बाजूची आठवण झाली. बारामतीच्या लता करे. 2013 ला नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून साठी ओलांडलेली, दुसऱ्याच्या रानात मजुरी करणारी ही बाई नऊवारी पातळात, अनवाणी, बारामतीच्या मॅरेथॉनमधे पळाली आणि पहिली आली. बक्षीस पाच हजार रुपये. तिच्यावर पुढं पिक्चर निघाला, त्यात तिनं स्वतःच काम केलं. म्हणलं, ती अनवाणी पळली तर आपल्याला बूट घालून पळायला काय झालं?

गावात बोललो तर दोन तट पडले. एक जुने जाणते काका म्हणाले, "घाम गाळायचाय ना? मग घे टिकाव आणि बांधाचा गाळ काढ. पळून काय उगवतं?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. या गावानं 1975 पासून अण्णांच्या मागं उभं राहून श्रमदानातून नालाबांध घातले, पाझर तलाव केले, चर खणले, म्हणून आज आमच्या विहिरीत पाणी आहे. मी पोरगा होतो तेव्हा वडिलांना पाटी देत होतो. घामाचा हिशेब इथं मातीत दिसतो. मी काकांना म्हणलं, "काका, गाळ काढल्यावर पाणी साठतं. मी पळाल्यावर माणसं विचारतील का पळाला, तेव्हा मी तात्याचं सांगीन. तेवढं साठलं तरी पुष्कळ." काका गप्प बसले. पटलं म्हणून नाही, तात्याचं नाव आलं म्हणून.

भाच्यानं एक अट घातली होती, आधी तपासणी. गेलो. डॉक्टरांनी पट्टा बांधला, हवा भरली आणि माझ्याकडं बघितलं. 160 वर 100. मला काहीच होत नव्हतं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, भूक चांगली. डॉक्टर म्हणाले, "असंच असतं. कळत नाही म्हणूनच मोजायचं." गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं, लोणचं-पापड बंद. ईसीजी, पट्ट्यावर चालवून बघायची तपासणी, सगळं झालं. महिन्यानं रक्तदाब ताब्यात आला तेव्हा परवानगी मिळाली, ती पण हळू पळायच्या बोलीवर. मंडळी, तात्यासाठी काही करायला निघालो नसतो तर मी तो पट्टा बांधला नसता. पुढची पिकअप माझी असती की काय, कोण जाणे.

आषाढी झाल्यावर सुरुवात केली. रस्ता तोच, गाव ते वाडेगव्हाण फाटा. दुसरा सोयीचा रस्ता होता, पण मी मुद्दाम हाच धरला. पहिल्या दिवशी दोन विजेच्या खांबांइतकं पळालो आणि धाप लागून खाली बसलो. मला वाटायचं शेतकरी माणूस, दिवसभर राबतो, पळणं काय अवघड? पण राबणं वेगळं आणि पळणं वेगळं. माझी चूक अशी होत होती की सुरुवातीलाच जोरात सुटायचो. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, बोलता बोलता पळता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे." तेव्हा मला ते ठिबकाच्या हिशेबानं समजलं. पाटानं पाणी सोडलं की पहिला वाफा बुडतो आणि शेवटचा कोरडा राहतो. थेंबानं दिलं की शेवटच्या रोपापर्यंत पोचतं. दम पण तसाच. मग मी पळताना हळू आवाजात हरिपाठ म्हणायचो. हरिपाठ तुटला की चालायचं, जुळला की पळायचं.

पाऊस बरा झाला गेल्या वर्षी. बाजरी काढेपर्यंत फाटा गाठला. दिवाळीनंतर फाट्याला जाऊन परत, म्हणजे दहा. डिसेंबरच्या शेवटी दोनदा जाऊन-येऊन वीस. ज्या पाच किलोमीटरला पिकअपमधे माझा जीव गोळा झाला होता, तो रस्ता मी पायाखाली इतका घातला की कुठं खड्डा, कुठं बाभळ, कुठल्या वस्तीचं कुत्रं अंगावर येतं, सगळं पाठ झालं. पण एक जागा आहे, फाट्याच्या थोडं अलीकडं. तिथं माझा हरिपाठ रोज तुटायचा. शेवटपर्यंत तुटला.

संस्था निवडली ती लोकांना प्रथमोपचार शिकवणारी. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. आणि पैसे मागायची एक रीत काढली. 21 किलोमीटर लोकांना वाटून दिले. एक किलोमीटर एकाचा. ज्याला जमेल तितकं त्यानं द्यायचं. व्यापाऱ्यानं एक घेतला, शाळेतल्या बाईंनी एक, दूध घालणाऱ्या बायकांनी मिळून एक. एकानं पैसे नाहीत म्हणून कांद्याची गोणी दिली, ती मी विकून भरणा केला आणि पट्टी त्याला नेऊन दाखवली. टिकाववाले काका एक दिवस आले आणि अकरावा किलोमीटर माझा म्हणाले. पाचवा मी कोणालाच दिला नाही. तो तात्याचा. सगळे मिळून 52,700 रुपये जमले. येण्या-जाण्याचा, बुटाचा खर्च माझा.

मुंबईचं आता थोडक्यात सांगतो. शनिवारी बीकेसीला जाऊन छातीवर लावायचा नंबर घेतला. रविवारी पहाटे अंधारात माहीमला उभे केलं. हजारो माणसं, आणि सगळी एका बाजूला तोंड करून. मला पंढरपूरच्या वाटेची आठवण झाली. माझ्या डोक्यावर टोपी बघून दोन पोरं "काका, राम राम" म्हणून फोटो काढून गेली. माझ्या शेजारी एक बाई होती, तिच्या पाठीवर एका लहान मुलाचा फोटो. आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही.

थोड्याच वेळात वांद्रे-वरळीचा सागरी पूल लागला. एरवी त्यावर पायी जायला बंदी आहे. खाली समुद्र, अजून अंधार, आणि पायांचा आवाज. बाजरीच्या खळ्यावर पाऊस सुरू होतो तसा. पाचवा किलोमीटर त्या पुलावरच आला. मला वाटलं होतं इथं रडू येईल. आलं नाही. मी नुसता पळत राहिलो आणि तो किलोमीटर संपला. गावाकडच्या रस्त्यावर जो कधीच संपला नव्हता, तो इथं संपला.

पाण्याची बाटली दिली, अर्धी प्यालो, पण उरलेली टाकवेना. राळेगणचा माणूस, अर्धी बाटली पाणी कसं टाकील? हातात धरून चार किलोमीटर पळालो, थोडं थोडं पीत संपवलं. पेडर रोडचा चढ आला तेव्हा मांड्या भरल्या. तिथं मी चाललो, लाज वाटली नाही. इमारतींतून खाली आलेल्या म्हाताऱ्या बाया बिस्किटं, संत्र्याच्या फोडी हातावर ठेवत होत्या. मरीन ड्राइव्हला ऊन आलं. किलोमीटर ज्याचा त्याचं तोंड डोळ्यापुढं आणत गेलो. अकराव्याला काकांचा टिकाव आठवून हसू आलं होतं. सीएसटीजवळ शेवटची पट्टी ओलांडली तेव्हा घड्याळात 2 तास 54 मिनिटं. गळ्यात पदक घातलं. भाच्याच्या खांद्यावर हात टाकून फुटपाथवर बसलो आणि पहिला फोन वहिनींना केला. त्या म्हणाल्या, "पोचला का भाऊजी नीट? गोळी घेतली का?"

सोमवारी रात्री गावी आलो. मंगळवारी आणि बुधवारी दुपारपर्यंत तात्याच्या रानात कांदा लागवडीला गेलो. दीड दिवस. पाय असे भरले होते की वाफ्यात खाली बसलो की उठताना हात टेकावा लागायचा. बुधवारी दुपारी रोपाची शेवटची जुडी संपली तेव्हा मी वहिनींना म्हणलं, "तात्याचे दीड दिवस निघत होते, ते आज फिटले." त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "परवा तुम्ही मुंबईला होता तेव्हा मी आणि पोरगं तुमच्याकडं लागवडीला होतो, ते कोण मोजणार? तुमच्याकडं आमचे अजून दोन निघतात." मला हे घरी कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे सावड चालूच आहे.

आता कामाचं. छातीत जळजळ, दाब, डावा हात, जबडा किंवा पाठ दुखणं, गार घाम, दम लागणं, यातलं काही झालं तर पित्त म्हणून बसू नका. बायकांना आणि शुगर असलेल्यांना छातीत न दुखता नुसती मळमळ, थकवा येऊन सुद्धा झटका असू शकतो. 108 ला फोन करा, तो फुकट आहे. पहिला तास मोलाचा. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास नीट चालत नसेल तर त्याला कडक जागेवर उताणा झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायचं. पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत. हे वाचून येत नाही, करून येतं. म्हणून संस्थेचे लोक फेब्रुवारीत आमच्याकडं येऊन पुतळ्यावर शिकवणार आहेत. तारीख ठरली की टाकतो. आजूबाजूच्या गावांनी पण यावं. आणि आजच, लागवडीतून वेळ काढून, एकदा पट्टा बांधून घ्या. कितीवर किती आलं ते मला कळवलं नाही तरी चालेल, घरी कळू द्या.

शेतीची नोंद: वाण एन-2-4-1, रोप 50 दिवसांचं, गादीवाफ्यावर 15 बाय 10 सेंटीमीटरवर लागवड, ठिबक. रोपाची मुळं बुरशीनाशकात बुडवून लावली. वहिनींच्या रानात रोप मागं पडलं होतं, त्यामुळं लागवडीला उशीर झाला. उशिराच्या कांद्याला पुढं ऊन लागून फुगवण कमी मिळते, म्हणून पाण्याच्या पाळ्या जवळ घेणार आहोत. फुलकिडे सध्या कमी आहेत, निळे चिकट सापळे लावलेत. पुढची नोंद पहिल्या खुरपणीला.

राम कृष्ण हरी.